तिसऱ्या दिवशी छाती का दाटते?

पहिले दोन दिवस बाळंतिणीला एकच घोर असतो, दूध येतंय की नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास चित्र पालटतं. दोन्ही स्तन टणक, गरम, तुकतुकीत होतात, हात उचलला तरी कळ येते. नॉर्मल प्रसूती झालेल्या बऱ्याच जणी तोवर घरी आलेल्या असतात, त्यामुळे विचारायला जवळ नर्सही नसते.

गरोदरपणात दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रक्तात भरपूर असतं, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन त्याला रोखून धरतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि साधारण ३० ते ७२ तासांत दुधाचा जोर वाढतो. तोवर येतो तो चीक. तो थोडाच असतो, पण बाळाच्या इवल्याशा पोटाला पुरतो. दूध वाढताना स्तनाकडे रक्तही जास्त धावतं आणि त्यातलं पाणी आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतं. म्हणजे दाटलेल्या छातीत दूध असतं, तशी सूजही असते. प्रसूतीच्या वेळी सलाइन बरंच दिलं असेल तर सूज जास्त येते. ही सूज दुधाच्या नळ्या दाबते, म्हणून स्तन भरलेला असूनही दूध सहज बाहेर येत नाही.

स्तनाग्राभोवतीचा काळा भाग ताणला की स्तनाग्र चपटं होतं. बाळाला तोंडभर धरता येत नाही, ते नुसतं टोक चोखतं. त्याचं पोट भरत नाही, आईला चिरा पडतात आणि दूध आतच साचतं. साचलेलं दूध पुढे दूध बनण्याचा वेगही कमी करतं. त्यामुळे पाजण्याआधी हा काळा भाग मऊ करणं महत्त्वाचं.

हात धुऊन, पाठीवर रेलून बसा किंवा आडव्या व्हा. नखं कापलेली हवीत. दोन्ही हातांची बोटं स्तनाग्राच्या अगदी बुडाशी गोलाकार टेकवा आणि सरळ बरगड्यांच्या दिशेने हलकेच दाबून धरा. मनात ६० आकडे मोजा. मग बोटांची जागा बदलून पुन्हा दाबा. दुखलं तर दाब कमी करा. या दाबाने सूज मागे सरकते आणि काळा भाग थोडा वेळ मऊ राहतो. तेवढ्यात बाळाला लावायचं.

तरीही बाळाला धरता येत नसेल तर थोडं दूध हाताने काढा. स्तनाग्रापासून २-३ सेंटिमीटर मागे वर अंगठा, खाली बोटं ठेवा. आधी छातीकडे दाबा, मग चिमटीत दाबून सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत. मऊ वाटलं की थांबा.

बाळाने तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असेल तर पकड बरोबर आहे. रात्र धरून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. एक बाजू मऊ झाली की दुसरी द्या. पाजून झाल्यावर ओल्या गार फडक्याची किंवा कापडात गुंडाळलेल्या बर्फाची पट्टी १०-१५ मिनिटं ठेवा. गार केलेल्या कोबीच्या पानांनीही काहींना बरं वाटतं. वेदनेसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालतं.

शेगडीचा शेक मात्र छातीला देऊ नका; फार वेळच्या उष्णतेने सूज वाढू शकते. दूध उतरायला मदत म्हणून पाजण्याआधी कोमट फडकं दोन-तीन मिनिटं पुरे. गाठी फोडायच्या म्हणून तेल लावून जोरात चोळणं तर नकोच, त्याने आतल्या पेशी दुखावतात. पंपाने स्तन रिकामा करत राहिलं तर शरीर आणखी दूध बनवतं. आणि बाळाला मध, घुटी किंवा वरचं दूध दिलं तर त्याची भूक मरते, आईचं दूध साचतं.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर त्याच्या पाजण्याच्या वेळा सांभाळत हाताने किंवा पंपाने दूध काढायचं आणि नर्सकडे द्यायचं. त्याला पुरूनही दूध उरत असेल तर जवळ दूधपेढी आहे का, ते विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईचं दूध मिळू न शकणाऱ्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असं दान केलेलं दूध उपयोगी पडतं.

हे सगळं नीट केलं तर दाटणं बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं. पण १०१ अंशांच्या वर ताप, थंडी वाजणं, एकाच स्तनावर लाल दुखरा चट्टा किंवा २४ तासांत उतार न पडणारी गाठ दिसली, तर डॉक्टरांकडे जा. बाळ सुस्त वाटलं, किंवा पाचव्या दिवसानंतर त्याची दिवसभरात ६ पेक्षा कमी दुपटी ओली झाली, तरी थांबू नका. स्तनाला जंतुसंसर्ग झाला असला तरी एरवी पाजणं बंद करावं लागत नाही. त्या दुधाने निरोगी बाळाला अपाय होत नाही, आणि पाजणं एकदम थांबवलं तर आईचाच त्रास वाढतो.