हट्टी: बारा न वाजलेली सोन्याची खाण

सोन्याची खाण म्हटलं की आपल्याकडे लगेच 'केजीएफ' सिनेमाचा विषय निघतो. केजीएफ, म्हणजे कोलारची खाण, 2001 मध्येच बंद पडली. चालू खाण आहे ती कर्नाटकातल्या रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर तालुक्यातल्या हट्टी या गावात.

बहमनी सुलतानांनी रायचूर दुआबासाठी, म्हणजे दोन नद्यांमधल्या पट्ट्यासाठी, विजयनगरशी पिढ्यान् पिढ्या झुंज घेतली. हट्टी त्याच दुआबातली.

इथलं खाणकाम सुमारे दोन हजार वर्षं जुनं. जुन्या लोकांनी सुरुंगाशिवाय जवळपास 600 फूट खोल मजल मारली! पेटवलेल्या लाकडांनी खडक तापवायचा, पाणी ओतून तडकवायचा, मग फोडायचा. त्या धुरात, अंधारात किती जण गेले असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन टेलर कंपनीने इथे काम केलं. 1920 च्या सुमारास ते थांबलं. 1947 मध्ये निजामाच्या राजवटीत हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी निघाली. तीच आजची कर्नाटक सरकारची हट्टी गोल्ड माइन्स.

माझा सर्वांत आवडता किस्सा 1915 चा. बीडन नावाच्या सोन्याच्या खाणीच्या इंजिनिअरला जवळच्या मस्कीत शिलालेख सापडला. शिलालेखांतला 'देवानांप्रिय' राजा म्हणजेच सम्राट अशोक, हे त्यातून पक्कं झालं. सोन्यापेक्षा मोठा शोध, माझ्या मते!

सोलापूर-विजयपूरमार्गे तिकडे गेलात, तर मस्की चुकवू नका.