माजलगावच्या आभाळात साडेचार मिनिटं

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. सेस्ना 152 हे दोन आसनी शिकाऊ विमान इंजिनाशिवाय एक मीटर खाली येईपर्यंत साधारण नऊ मीटर पुढे जातं. म्हणजे माजलगावच्या वर 900 मीटरवर इंजिन थांबलं, तर वारा नसताना 8 किलोमीटर आणि साडेचार मिनिटं पायलटच्या हातात असतात. अट एकच, वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास धरून ठेवायचा. जास्त वेळ तरंगत राहावं म्हणून नाक वर ओढलं, की पंखांची उचल संपते आणि मग खरोखरच कोसळणं होतं.

आता उतरायचं कुठे? राष्ट्रीय महामार्ग 61 आभाळातून सरळसोट दिसतो, पण त्यावर ट्रक आहेत, उसाच्या ट्रॉल्या आहेत आणि विजेच्या तारा. तारा वरून दिसतच नाहीत, म्हणून पायलटला खांब शोधायला शिकवतात. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचं पाणी मऊ वाटतं, पण या विमानाची चाकं कायम बाहेरच असतात. ती पाण्यात अडकतात आणि विमान नाकावर उलटतं. उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेराची जमीन वरून सपाट दिसते, पण वरची साय वाळली तरी खाली चिखल असू शकतो. उभा ऊस तर नकोच. सोयाबीन निघालेलं कोरडं रान मिळालं तर फार उत्तम. नांगरट असेल तर तासांना समांतर उतरायचं, आडवं नाही.

वाऱ्याचं गणित तर मला सगळ्यात भारी वाटतं. ताशी 20 किलोमीटरचा वारा समोरून घेतला, तर 110 च्या वेगातलं विमान जमिनीशी 90 ने भिडतं. पाठीमागून घेतला तर 130 ने. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे निव्वळ दिशा चुकली तरी तो दुपटीच्या वर जातो!

कॉकपिटमधला क्रमही नेमका आहे. आधी इंजिन पुन्हा सुरू करून पाहायचं: कार्ब्युरेटरला गरम हवा (दमट हवेत तिथे उन्हाळ्यातही बर्फ साचू शकतो), इंधनाचा व्हॉल्व्ह, इग्निशन. जमलं नाही तर रेडिओवर तीनदा 'मेडे', ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा आकडा 7700. शेवटी आगीची भीती कमी करायला इंधन आणि इग्निशन बंद. पंखांचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर स्विच फ्लॅप पूर्ण उतरवल्यावरच बंद करायचा. आणि टेकण्याआधी दारांची कडी काढून ठेवायची, कारण चौकट वाकली तर दार उघडत नाही.

25 जुलै 2022 ला बारामतीच्या एका प्रशिक्षण संस्थेचं सेस्ना 152 इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत शेतात कोसळलं. आत एकटी 22 वर्षांची शिकाऊ पायलट होती. ती बचावली.

नागपूरचा किस्सा वेगळाच. 6 मे 2021 ला रुग्ण घेऊन निघालेल्या बीचक्राफ्ट किंग एअरचं एक चाक उड्डाण करतानाच निखळलं. विमानतळावरच्या सीआयएसएफ जवानाने ते पाहिलं आणि लगेच कळवलं. विमान मुंबईला आणलं गेलं, धावपट्टीवर फेस पसरला आणि पायलटने ते पोटावर उतरवलं. आतले पाचही जण सुखरूप!

बॅटरी, जनरेटर सगळं गेलं तरी सेस्नाचं इंजिन चालूच राहतं. ठिणगी मॅग्नेटो देतात, तेही दोन, आणि त्यांना बॅटरी लागत नाही. रेडिओ मात्र मुका होतो. अशा वेळी विमानतळाच्या टॉवरवरून दिव्याने बोलतात: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे घिरट्या घालत राहा, लुकलुकता लाल म्हणजे इथे धोका आहे, उतरू नका. दिवसा असेल तर पायलट पंख डावी-उजवीकडे डोलवून 'समजलं' असं कळवतो.