दाह पोटात, घाव फुप्फुसावर

स्वादुपिंडाला अचानक सूज आली की दुखतं पोट, पण गंभीर रुग्णात बऱ्याचदा आधी कोलमडतं ते फुप्फुस. याचा दोष आजवर रक्तात उतरलेली पाचक विकरं आणि दाहकारक प्रथिनं यांच्यावर आला. तो खरा आहे, पण माझ्या मते अपुरा. पेशी साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या पिशव्या, म्हणजे एक्सोसोम, रक्तात सोडतात. त्यांत प्रथिनं आणि मायक्रोआरएनए असतात. आजारी उंदरांच्या रक्तातले एक्सोसोम रंगवून त्यांचा माग काढला, तेव्हा ते वायुकोशांत पोहोचून तिथल्या भक्षक पेशींत शिरलेले दिसले. प्रयोगशाळेत या एक्सोसोमनी अशा पेशींना दाहाकडे वळवलंही. एक्सोसोममधली प्रथिनं मात्र स्वादुपिंडापेक्षा यकृताकडे बोट दाखवतात. म्हणजे स्वादुपिंडाचा निरोप यकृतात, मधल्या टप्प्यावर नव्याने लिहिला जात असावा, आणि मला सर्वांत महत्त्वाचं हेच वाटतं.

एक्सोसोम वेगळे करताना रक्तातली इतर प्रथिनंही चिकटून येतात, मग दोष नेमका कोणाचा, असा आक्षेप रास्त आहे. पण प्रथिनं किंवा आरएनए तोडणाऱ्या विकरांची प्रक्रिया केल्यावर एक्सोसोमचा परिणाम बदलला, त्यामुळे हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. तरी हा पुरावा उंदरांचा आहे. त्यावर आधारलेलं औषध अजून रुग्णांसाठी नाही. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळा येऊन धाप लागली, तर थांबू नका, थेट रुग्णालय गाठा.