सूड आणि जाब

विश्वासघाताचा सूड घेणे न्याय्य आहे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथात लवकर सुटतो. माणसाच्या मनात तो तसा सुटत नाही. शत्रूचा घाव माणूस सोसतो, कारण शत्रूकडून त्याची वेगळी अपेक्षाच नसते. पण ज्याच्या शब्दावर विसंबून दार उघडले त्यानेच घात केला, तर जखमेबरोबर जगावरचा विश्वासही जातो. म्हणून अशा वेळी केलेला क्षमेचा उपदेश पुष्कळदा पोकळ वाटतो. थोर साहित्याने सुडाची भावना हीन म्हणून झटकून टाकलेली नाही. त्याने एवढेच विचारले आहे, की हा सूड कोणावर?

महाभारतातील अश्वत्थाम्याचा संताप निराधार नव्हता. अर्धसत्य ऐकवून त्याच्या पित्याला शस्त्र खाली ठेवायला लावले गेले आणि मग त्याचा वध झाला. अश्वत्थाम्याने त्या वधाचा जाब रणांगणावर मागितला असता तर व्यासांनी कदाचित त्याला वीरांच्या पंक्तीत बसवले असते. पण तो रात्री शिबिरात शिरला आणि द्रोणांचा वध करणाऱ्या धृष्टद्युम्नाबरोबर त्याने द्रौपदीचे पाच निद्रिस्त पुत्रही मारले. त्या पुत्रांचा द्रोणवधात काय दोष होता? भळभळत्या जखमेवर तेल मागत दारोदार फिरणारा अश्वत्थामा लोकमानसाने कल्पिला, तो याच अपराधासाठी. गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून रचलेले ‘झुंजारराव’ १८९० मध्ये मराठीत आले. त्यातील शोकांतिका याहून भयंकर आहे. तिथे पत्नीकडून विश्वासघात झालेलाच नाही. तरी सूड पुरा होतो, आणि खरा विश्वासघातकी शेजारी उभा राहून तो पाहतो.

नांदेडच्या वाचकाला या प्रश्नासाठी दूर जावे लागत नाही. किल्ला सोडल्यास सुखरूप जाऊ देऊ, अशी शपथ आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांना देण्यात आली होती. किल्ला सोडताच ती मोडली गेली. पुढे सरहिंदचा सुभेदार वजीरखान याच्या हुकुमाने त्यांच्या दोन कोवळ्या पुत्रांचा वध झाला. यानंतर १७०५ मध्ये गुरूंनी औरंगजेबाला फारसी पद्यात पत्र लिहिले, तेच ‘जफरनामा’. त्यात शस्त्राचे समर्थन आहे, पण त्याआधी शब्दाचा हिशेब आहे. ते पत्र बादशहाच्या धर्माला दोष देत नाही. कुराणाची शपथ मोडणारा आपल्याच धर्माशी बेइमान झाला, असा त्याचा आरोप आहे. जाब मागितला आहे तो नाव घेऊन.

गुरूंचे निर्वाण १७०८ मध्ये नांदेडला झाले. त्याच वर्षी नांदेडहून त्यांनी पंजाबात पाठवलेल्या बंदा बहादुराच्या सैन्याशी लढताना १७१० मध्ये वजीरखान मारला गेला. ती मोहीम रक्तरंजित होती, सरहिंद लुटले गेले. सारे निरपराध बचावले असे कोणी म्हणणार नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मालेरकोटल्याचा नवाब शेर महंमदखान रणांगणावर गुरूंचा शत्रूच होता. पण त्या बालकांच्या वधाला त्याने विरोध केला, असे शीख परंपरा सांगते. ती आठवण शिखांनी जपली आणि १९४७ च्या वणव्यातही मालेरकोटला शांत राहिले. अपराध्याचे नाव ज्यांना आठवते त्यांना उपकारकर्त्याचेही आठवते.

मराठवाड्याला हा विवेक १९४८ मध्ये पेलला काय? प्रजेचे रक्षण करणे ज्या राज्याचे कर्तव्य, त्याच्याच छत्राखाली रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली. हा विश्वासघातच होता. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले त्याची चौकशी नेहरू सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होते, आणि लातूर ज्यात मोडत होते तो तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हाही होता. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. आकड्यांवर वाद आहे; निरपराध मुसलमान मोठ्या संख्येने मारले गेले, यावर वाद होऊ शकत नाही.

यातील विसंगती बोचणारी आहे. रझवीवर रीतसर खटला चालला, त्याला शिक्षा झाली, १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. ज्याचे नाव साऱ्यांना ठाऊक होते त्याला न्यायालय मिळाले. ज्यांची नावे कोणी विचारली नाहीत त्यांच्या वाट्याला सूड आला.

ज्यांची घरे जळाली त्यांना उपदेश करणे सोपे आहे, हे खरेच. न्याय मंदगतीने येतो, कधी येतही नाही, हेही खरे. पण समितीच्या अहवालात, जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंच्याही नोंदी आहेत. रझाकारांचा जुलूम त्यांनीही पाहिला होता. तरी शेजाऱ्याकडे पाहताना त्यांना दिसला तो शेजारीच.

विश्वासघाताचा जाब मागणे हा माणसाचा हक्क आहे. तो सोडणाऱ्या समाजात शब्दाला किंमत उरत नाही. मात्र तो जाब त्या विशिष्ट माणसालाच विचारला गेला पाहिजे. त्याच्या जातीला, धर्माला किंवा निजलेल्या मुलांना विचारलेला जाब हा नवा विश्वासघात होय, आणि त्याचा हिशेब पुढच्या पिढ्यांकडे मागितला जातो.