पळून जायचं, पण सगळ्यांना घेऊन

‘पळून जाऊन लग्न’ हे शब्द आपल्याकडे आजवर हळू आवाजातच उच्चारले गेले. पहाटेची एसटी, उशाखाली सापडलेली चिठ्ठी आणि त्यानंतर घरात वर्षानुवर्षं कुणी न घेतलेलं एक नाव, एवढं सगळं त्या तीन शब्दांत भरलेलं असायचं. आता तरुण मुलं हेच शब्द हसत हसत वापरू लागली आहेत. त्यांना घरापासून पळायचं नसतं. मंगल कार्यालय, पाचशे पानं, बँड आणि डोक्यावरचं कर्ज यांच्यापासून पळायचं असतं. डोंगरावर शांत जागा शोधायची, जिवाभावाची वीस-पंचवीस माणसं सोबत न्यायची आणि लग्न करून यायचं. म्हणजे पळणाऱ्यांत आईवडीलही सामील!

माझ्या भाचीनं २०२३ साली असंच लग्न केलं. ‘‘मामू, आम्ही पळून जाणार आहोत, तुम्ही मात्र दोन दिवस आधी यायचं,’’ असं तिनं मला फोनवर सांगितलं. मुलगी मुसलमान, मुलगा हिंदू. दोन्हीकडचे आईवडील राजी होते. पण राजी असणं वेगळं आणि मांडव कुणाच्या दारात घालायचा, विधी कोणते करायचे, कुणाच्या पद्धतीनं जेवायचं, यावर एकमत होणं वेगळं. मुलांनी त्यावर डोंगराचा तोडगा काढला. ना त्यांचं अंगण, ना आमचं. जागा ठरली पाचगणी-महाबळेश्वरची आणि ऋतू ठरला शरद. त्या तयारीत मी पहिल्यापासून होतो, म्हणून श्रोतेहो, आज त्याबद्दल चार गोष्टी सांगतो.

साधं लग्न महाराष्ट्राला नवं नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ सालीच सत्यशोधक पद्धतीचं लग्न लावून दाखवलं होतं. मात्र लग्न लहान केलं म्हणजे काम कमी झालं, हा भ्रम आहे. पाचशे माणसांत एखादा रुसला तर खपून जातं. पंचवीसांत एक खुर्ची रिकामी राहिली तर सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं. कारण तिथं आलेला प्रत्येकजण पाहुणा कमी आणि साक्षीदार जास्त असतो.

साक्षीदाराचं महत्त्व सांगायला कालिदासाची शकुंतला पुरेशी आहे. दुष्यंतानं तिच्याशी आश्रमात गांधर्व विवाह केला. रानातलं, दोघांतलं, आजच्या मुलांना हेवा वाटावा असं लग्न. पुढे शापामुळं राजाला काहीच आठवेना, आणि भर दरबारात ‘हो, मी ते लग्न पाहिलं’ म्हणणारं कुणी नव्हतं. पुरावा म्हणून एक अंगठी होती, ती पाण्यात पडली. अंगठी हरवू शकते, म्हणून माणसं लागतात. निकाहात ईजाब-कबूल होतो तो साक्षीदारांच्या समोर. सप्तपदीला अग्नी साक्षी असतो. आणि १९५४ चा विशेष विवाह कायदाही तीन साक्षीदार मागतो.

या कायद्याचं गणित आधी मांडावं, हॉल आणि हार नंतर. दोघांपैकी निदान एकजण ज्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते. मुलाचं वय एकवीस, मुलीचं अठरा पूर्ण हवं. नोटीस कार्यालयात लावली जाते. तीस दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही, तर लग्न करता येतं. पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत ते झालं नाही, तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. म्हणजे शरदातलं लग्न खरं म्हणजे भर पावसाळ्यात सुरू होतं. आमच्या मुलांनी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यात नोटीस दिली. त्यामुळं सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंतचा काळ त्यांच्या हातात आला.

विवाह अधिकाऱ्यानं कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर येऊन लग्न लावण्याची सोय कायद्यात आहे. त्यासाठी जादा शुल्क भरावं लागतं. पण पुण्याचा अधिकारी सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर कसा येणार? म्हणून सरळ मार्ग धरला. सोमवारी पुण्यात सह्या, बुधवारी डोंगरावर समारंभ. याच कायद्यातली एक तरतूद मला कवी म्हणून फार आवडते. एकमेकांचा स्वीकार करण्याचं वाक्य दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येतं. आमच्या मुलांनी ते मराठीत म्हटलं. आणखी एक गोष्ट सह्या करण्याआधी समजून घ्यावी. मुसलमान व्यक्तीनं या कायद्याखाली लग्न केलं, की तिच्या मालमत्तेच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. घरच्यांना हे नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

मी स्वतः पहिल्यांदा साक्षीदार झालो तो १९९३ साली, एका मित्राच्या लग्नात. तेव्हाचं पळून जाणं खरं पळून जाणं होतं. दोन्हीकडून घरचं कुणी आलं नव्हतं. साक्षीदार आम्ही तिघं मित्र. सही झाल्यावर नवरीनं वाकून नमस्कार करायला आजूबाजूला पाहिलं, आणि नमस्कार करावा असं वडीलधारं माणूस तिथं नव्हतं. शेवटी तिनं कार्यालयातल्या म्हाताऱ्या शिपायाला नमस्कार केला. त्यांनीही तिच्या डोक्यावर हात ठेवला. तीन साक्षीदारांनी कायदा समाधानी होतो. माणूस होत नाही. म्हणून घरच्यांना घेऊन पळण्याच्या कल्पनेला मी हसलो नाही.

आता ऋतूचं बोलू. परदेशातल्या फोटोंत शरदात झाडं लाल-केशरी होतात. सह्याद्रीत तसं काही होत नाही. इथं झाडं हिरवीच राहतात, गवत पिवळं पडतं, हवा स्वच्छ होते आणि दऱ्या तळापर्यंत दिसतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवामान खात्यानं २०२० साली मान्सूनच्या तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबई-पुण्याकडून त्याच्या परतीची सरासरी तारीख ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. त्याआधीची तारीख धरणं म्हणजे जुगार. नंतरही एखाद्या दुपारी गडगडाट होऊन सर येतेच, तेव्हा छपराची जागा हाताशी हवी.

गर्दीचा विचार वेगळा करावा. कोजागिरीच्या शनिवार-रविवारी आणि दिवाळीच्या सुटीत ही गावं पर्यटकांनी भरून जातात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात. या सगळ्यांच्या मधे, कोजागिरी आणि दिवाळी यांच्यामध्ये, दोनेक आठवड्यांची शांत फट सापडते. चातुर्मास असल्यामुळं त्या काळात इतर लग्नंही नसतात. मुलाच्या आजीनं त्यावर एकदा विचारलंच. तिला नातवानं सांगितलं, ‘‘आजी, मुहूर्त सरकारनं दिलाय, तीन महिन्यांचा!’’ ती हसली आणि विषय मिटला. आमच्याकडे प्रश्न वेगळा. हिजरी वर्षाला अधिक महिना नसतो, म्हणून ते दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं. रमजान किंवा मोहरम कुठल्या ऋतूत येईल ते त्या-त्या वर्षी पाहावं लागतं. दोन धर्मांच्या घरांनी दोन्ही कॅलेंडरं एकाच भिंतीवर टांगावीत.

जागा निवडताना मुलांच्या डोळ्यांपुढं पाचगणीचं पठार होतं, सूर्यास्ताच्या वेळचं. माझ्या डोळ्यांपुढं अम्मीचे गुडघे होते. अम्मी, म्हणजे भाचीची नानी, ऐंशी पार केलेली. मुलाची आजी महाडची, तिला जिना चढवत नाही. मग आम्ही नियमच केला : डोंगर मुलांनी निवडायचा, वेळापत्रक मात्र या दोघींच्या गुडघ्यांनी ठरवायचं. त्या नियमानं सगळे प्रश्न सुटत गेले. पठाराऐवजी बंगल्याचं अंगण निवडलं. तिथूनही दरी दिसते, आणि खोल्या तळमजल्यावर, कमोडचं शौचालय वीस पावलांवर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लगेच गारठा चढतो, म्हणून समारंभ साडेचारला ठेवला. शाली नवऱ्या मुलीच्या दागिन्यांआधी बॅगेत गेल्या.

सार्वजनिक पॉइंटवर लग्न करायचा मोह टाळलेला बरा. अनेक पॉइंट वनखात्याच्या हद्दीत आहेत, तिथं परवानगीवाचून काही मांडता येत नाही. शिवाय हा सारा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. खाजगी बंगला असला तरी रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, तो नियम २००० सालापासून देशभर आहे. आम्ही तो आणलाच नाही. पंचवीस माणसं अर्धवर्तुळात बसली तर आवाज सहज पोचतो, फक्त वारा बोलणाऱ्याच्या पाठीमागून यायला हवा. आणि मधमाश्या विसरू नका. हा मधाचा मुलुख आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. पोळ्यांच्या जवळपास धूर, फटाके आणि उग्र सुवास नकोत. आमच्याकडच्या अत्तराच्या बाटल्या त्या दिवशी बंदच राहिल्या.

प्रवासात घाट आहेत. पुण्याकडून आलेल्यांना वाईनंतर पसरणीचा, कोकणातून येणाऱ्यांना पोलादपूरहून आंबेनळीचा. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीनं आंबेनळी घाट बंद पडला होता, तेव्हा पावसाळ्यानंतर रस्त्याची चौकशी करूनच निघावं. घाट दिवसाउजेडी चढावा, त्याआधी हलकंच खावं, आलेपाक खिशात असावा. वयस्कर मंडळींना आदल्या दिवशीच वर आणावं. समारंभाच्या दिवशी घाट चढून आलेली आजी कौतुक करायच्या मनःस्थितीत नसते.

सगळ्यांत अवघड काम यादीचं. ‘मला का नाही बोलावलं?’ या प्रश्नाला एकच उत्तर चालतं : दोन्ही घरांना सारखा नियम. आमच्या मुलांचा नियम असा होता, की ज्यांच्या घरी आपण न कळवता जेवायला जाऊन बसू शकतो, तेवढीच माणसं. दोन्हीकडची बारा-बारा. उरलेल्यांना आईवडिलांनी स्वतः फोन केले, लग्नाआधी केले, आणि पुढच्या रविवारी घरी चहाला बोलावलं. फोटो पाहून बातमी कळली, तर नाती तुटतात. फोनवर आधी कळली, तर थोडी कुरकुर होते आणि मग माणसं मिठाई घेऊन येतात.

जेवण त्या दिवशी शाकाहारी ठेवलं. मसालेभात, अळूचं फदफदं, शिरा. बिर्याणीची आठवण आमच्यातल्या काहींना झाली, पण एका पंगतीत सगळ्यांना सारखं वाढता आलं. बिर्याणी पुढच्या रविवारी झाली आणि मुलाच्या काकांनी ती दोनदा मागून घेतली.

कायद्यानं लग्न सोमवारीच झालं होतं. बुधवारी मुलांनी तेच वाक्य पुन्हा, घरच्यांच्या समोर म्हटलं. मग दोघी म्हाताऱ्यांनी शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून आपापल्या शब्दांत आशीर्वाद दिले. एकीची दुआ, दुसरीचं ‘सुखी राहा’. एकमेकींचे शब्द दोघींना सगळे कळले असतील असं नाही, पण दोघींची मान एकाच वेळी हलत होती.

तुमच्या घरातलं कुणी असं पळून जायचं म्हणालं, तर रागावू नका आणि लगेच हुरळूनही जाऊ नका. त्यांना तीन गोष्टी विचारा. नोटीस कधी देणार? पाऊस आला तर कुठं बसणार? आणि आजीला वर कोण घेऊन जाणार? या तिन्हींची उत्तरं त्यांच्याजवळ तयार असतील, तर मुलं लग्नाला तयार आहेत असं समजा आणि आपली शाल बाहेर काढून ठेवा.