शरदांतील लागवड आणि वसंतांतील बहर

हॉलंडमध्यें लिस नांवाचें एक लहानसें गांव आहे. हार्लेम व लायडन या दोन शहरांच्या दरम्यान, समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांमागें तें वसलेलें आहे. या गांवची क्युकेनहॉफ ही विस्तीर्ण बाग वर्षांतून अवघे आठ आठवडे, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, लोकांसाठीं उघडी असते. तेवढ्या अवधींत देशोदेशींच्या प्रेक्षकांची तेथें रीघ लागते. २०१९ सालीं त्यांची संख्या १५ लाखांच्या घरांत होती. फुलांचे ते अफाट ताटवे पाहणारास ही सारी वसंताची किमया वाटते. परंतु वसंत तेथें केवळ फळ पदरांत घालतो. काम त्यापूर्वीं सहा महिने, ओल्या मातींत गुडघे टेकून, झालेलें असतें.

क्युकेनहॉफ या शब्दाचा अर्थ 'मुदपाकखान्याची बाग'. पंधराव्या शतकांत जवळच्या गढीच्या स्वयंपाकघरास येथून जिन्नस पुरविले जात, त्यावरून हें नांव पडलें. १८५७ सालीं झोखर या पितापुत्रांनीं या आवाराची इंग्रजी उद्यानांच्या धर्तीवर आंखणी केली. पुढें १९४९ सालीं, फुलांच्या कंदांचा व्यापार करणाऱ्या प्रमुख बागाईतदारांनीं येथें आपल्या मालाचें प्रदर्शन मांडण्याचें ठरविलें, आणि १९५० सालीं बागेचे दरवाजे लोकांस खुले झाले. बागेचें क्षेत्र ३२ हेक्टर, म्हणजे सुमारें ८० एकर आहे. तींत दरवर्षीं ७० लाख कंद लावले जातात. हे कंद सुमारें १०० बागाईतदार विनामूल्य देतात. कारण तेथील प्रत्येक वाफा म्हणजे त्यांच्या मालाची दर्शनी मांडणीच होय.

या बागेचें मुख्य फूल ट्यूलिप. त्याचा स्वभाव समजला म्हणजे माळ्याचें वेळापत्रक आपोआप समजतें. आपल्या घरचा कांदा उभा चिरला असतां एकांत एक बसलेले पापुद्रे दिसतात. ट्यूलिपच्या कंदाची रचनाहि तशीच असते. त्या मांसल पापुद्र्यांत पुढील वर्षाची शिदोरी सांठविलेली असते, आणि त्यांच्या मध्यभागीं उन्हाळ्यांतच पुढच्या फुलाचा इवलासा अंकुर तयार होऊन बसतो. हा अंकुर लगेच वर येत नाहीं. शरदांत कंदास मुळें फुटावयाचीं, मग बारा ते सोळा आठवडे त्यानें जमिनीखालीं थंडी सोसावयाची, आणि त्यानंतर ऊब लागली म्हणजे देठ भराभर वाढून कळी डोकें वर काढावयाची, असा हा क्रम आहे. थंडी अपुरी पडली तर देठ खुरटा राहतो व कळी पानांतच अडकून पडते.

ट्यूलिप मूळचें मध्य आशियांतील डोंगराळ प्रदेशांचें. तेथील कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा यांना अनुसरून त्यास हा स्वभाव जडला आहे. पुण्यामुंबईकडे ट्यूलिपचा कंद जमिनींत ठेवून वर्षानुवर्षें फुलवितां येत नाहीं, याचें कारण हेंच. येथें तेवढी दीर्घ थंडी नसते. काश्मिरास ती लाभलेली आहे, म्हणूनच श्रीनगरास झबरवान डोंगराच्या पायथ्याशीं २००७ सालीं ट्यूलिपची मोठी बाग सुरू होऊं शकली.

क्युकेनहॉफची लागवड ऑक्टोबरांत सुरू होते आणि डिसेंबरापर्यंत चालते. कंदाच्या उंचीच्या सुमारें तिप्पट खोलीचा खळगा करावा, शेंडा वर ठेवून कंद बसवावा आणि माती लोटावी, एवढीच कृति; पण ती लाखों वेळां हातानेंच करावी लागते. पाणी सांचलें तर कंद कुजतो. लिसची रेताड जमीन पाण्याचा निचरा चांगला करते, म्हणून या धंद्यानें तेथें मूळ धरलें.

माळ्याचें खरें कौशल्य थरांच्या लागवडींत दिसतें. उशिरां फुलणाऱ्या ट्यूलिपचे कंद सर्वांत खोल ठेवतात. त्यांवर लवकर फुलणाऱ्या ट्यूलिपचे, आणि सर्वांत वर केशराचा भाऊबंद जो क्रोकस त्याचे. मार्चमध्यें क्रोकस फुलून ओसरतो, तोंच त्याच जागेंतून पहिलीं ट्यूलिपें वर येतात, आणि तीं मावळतां मावळतां तिसरा थर उमलूं लागतो. अशा रीतीनें एकच वाफा दोन महिने रिता दिसत नाहीं. ही योजना निव्वळ शोभेसाठीं नाहीं. दरवाजे उघडण्याची तारीख आधीं जाहीर झालेली असते, परंतु फूल त्या तारखेस बांधलेलें नसतें. फाल्गुनांतच ऊन तापलें तर बहर लवकर येतो; थंडी रेंगाळली तर कळ्या मिटलेल्या राहतात. हवामान माळ्याच्या हातीं नाहीं. थरांची योजना मात्र त्याच्या हातीं आहे.

मे महिन्यांत दरवाजे बंद झाले कीं सर्व कंद उपटून काढतात. पुढील वर्षीं नवे लावावयाचे असतात. व्यापारी शेतांत याच्या नेमकें उलट चालतें. तेथें फुलें उमलून त्यांची पारख झाली कीं तीं छाटून टाकतात, म्हणजे पानांनीं तयार केलेलें सारें अन्न कंदास मिळून तो पोसतो. शेतांत कंदासाठीं फूल जातें, बागेंत फुलासाठीं कंद जातो.

या श्रमाची खरी कसोटी २०२० सालीं लागली. आदल्या शरदांत कंद लावून झाले होते, थंडीहि पडून गेली होती, आणि दरवाजे उघडण्याच्या सुमारास कोरोनाची सांथ पसरली. बाग उघडलीच नाहीं. पण जमिनींतील फुलांना थांबा म्हणून कोण सांगणार? तीं आपल्या क्रमानें उमललीं आणि गळलीं. माळी निंदणी करीत राहिले, आणि लोकांनीं तो बहर घरबसल्या चित्रफितींतून पाहिला. पुढच्या वसंतांत तरी दरवाजे उघडतील कीं नाहीं हें ठाऊक नसतांना त्या शरदांत पुन्हा लागवड झाली. २०२१ सालींहि थोडेच दिवस, मोजक्या प्रेक्षकांस, प्रयोगादाखल प्रवेश मिळाला. तरीहि तिसऱ्यांदा कंद लावले गेले, आणि २०२२ च्या वसंतांत बाग पुन्हा माणसांनीं गजबजली.

त्या वसंतांत लोकांनीं जीं फुलें पाहिलीं, त्यांचे कंद आदल्या हिवाळ्याच्या तोंडीं, कोणी पाहावयास येईल अशी खात्री नसतांना, मातींत गेले होते. खात्री होईपर्यंत माळी थांबले असते, तर थंडीचे ते आठवडे निघून गेले असते. आणि गेलेली थंडी कोणत्याहि वसंतास भरून काढतां येत नाहीं.