जिराईत रान आणि पलटणीचा पगार

१९६५च्या युद्धाच्या दिवसांत लालबहादूर शास्त्रींनी 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली. तिच्यातली माणसं दोन आहेत असं आपण धरून चाललो: एक सीमेवर उभा, दुसरा औतामागे चालणारा. देशावरच्या जिराईत गावांत मात्र ही दोन माणसं बहुधा एकाच घरातली असतात, आणि कैकदा तो एकच माणूस असतो, आयुष्याच्या दोन टप्प्यांवरचा. सोलापूरनं चीनमधल्या युद्धकाळातल्या सेवेसाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण जपली, १९३०च्या मार्शल लॉची आणि चार हुतात्म्यांचीही जपली. ते योग्यच झालं. पण ही शहराची स्मृती आहे. पेन्शन घेऊन परत रानात उतरलेल्या शिपायाकडे आपण शेतीच्या इतिहासाचा भाग म्हणून कधी पाहिलं नाही. माझं म्हणणं असं की पलटण ही या मुलखात शेती सोडण्याची वाट नव्हती. बहुतेकांसाठी ती शेती टिकवण्याची वाट होती.

हे समजायला आधी इथलं पीक पाहावं लागतं. सोलापूरची ज्वारी रब्बीची. भाद्रपद-आश्विनात पेरायची, मग काळ्या जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर तिनं वाढायचं आणि माघ-फाल्गुनात काढणी. मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेलं एम ३५-१ हे वाण अजून शेतकऱ्यांच्या हातचं सुटलेलं नाही, ते या ओलीवर तगतं म्हणूनच. पण हस्ताचा पाऊस चुकला की वाण काही करू शकत नाही. अशा शेतीतून पोटाला भाकरी आणि जनावरांना कडबा मिळतो, रोकड मिळेलच असं नाही. बैल, विहीर, लग्न, सारा यांना मात्र रोकडच लागते. ती सावकाराकडून आली आणि तिच्यापायी जमिनी गेल्या. १८७५च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर सरकारनं १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा जो कायदा केला तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. पावसावर अवलंबून नसलेला पैसा घरात येण्याचे मार्ग मोजकेच होते: मुंबईची गिरणी, सोलापूरची गिरणी आणि पलटण. त्यांतला म्हातारपणापर्यंत पुरणारा पलटणीचा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: मराठा पैशासाठी लढला नाही, लढणं त्याच्या रक्तात होतं. शौर्य नाकारण्याचं काहीच कारण नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी निमजच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढलं आणि मग तीन मशीनगन बंद पाडल्या. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण शौर्यामुळे रणात काय घडलं ते कळतं, भरतीच्या रांगेत कोण आणि का उभं राहिलं ते कळत नाही. डर्क कोल्फ यांनी उत्तर हिंदुस्थानच्या अभ्यासातून दाखवलं आहे की इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून शेतकरी हाच हंगामी शिपाई होता. आपलं दसऱ्याचं सीमोल्लंघनही तेच सांगतं. एक दुरुस्ती मात्र मला केली पाहिजे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतच धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे होते, आणि कोकणात पाऊस कमी नाही. तिथं जमीनच थोडी. तेव्हा कारण एकट्या दुष्काळाचं नाही. शेत घराला पुरत नाही, हे खरं कारण. देशावर ते पावसामुळे पुरत नाही, कोकणात तुकड्यांमुळे.

इतरत्र सरकारनं शिपायाला जमीनच दिली. अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर मिळत, आणि १८७२पासून यादवी युद्धातल्या सैनिकाची सेवा पाच वर्षांच्या वहिवाटीच्या अटीतून वजा होऊ लागली. मिसिसिपीपलीकडे शेतकरी-सैनिकांची कितीतरी घरं अशी उभी राहिली, अर्थात मूळ रहिवाशांकडून हिरावलेल्या भूमीवर. पंजाबात कालव्यांच्या वसाहतींत निवृत्त शिपायांना ओलीत जमिनी मिळाल्या. देशावर अशी वाटण्याजोगी नवी जमीन फारशी नव्हती. इथला शिपाई बापाच्याच रानात परतला, फरक एवढाच की आता दरमहा पेन्शन होती. कायद्यानंही त्याला शेतकरीच मानलं. 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वावर १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि गैरहजर मालकांच्या जमिनी कुळांकडे जाऊ लागल्या. पण १९६४मध्ये कुळकायद्यात स्वतंत्र प्रकरण घालून सैनिकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत घेण्याची मुभा दिली गेली. त्याची गैरहजेरी ही शेती सोडल्याची खूण नव्हे, एवढं विधिमंडळानं मान्य केलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ज्याला जमीनच नव्हती त्याचं काय? महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार ही पलटण युद्धानंतर लगेच मोडली गेली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यांच्यासाठी पलटण हा शेतीचा टेकू नव्हता. वतनाच्या तुटपुंज्या तुकड्याबरोबर येणाऱ्या वेठीतून सुटण्याचा तो दरवाजा होता. हा आक्षेप मी मान्य करतो, म्हणूनच वर 'बहुतेकांसाठी' म्हटलं. तोच पगार एकाला जमिनीला धरून राहू देत होता आणि दुसऱ्याला गावगाड्याबाहेर काढत होता.

२०२२च्या अग्निपथ योजनेकडे म्हणूनच या बाजूनंही पाहायला हवं. चार वर्षं सेवा, एक चतुर्थांश जणांना पुढे कायम ठेवण्याची तरतूद, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, पेन्शन नाही. योजनेचे समर्थक म्हणतात, तरुण वयात एवढी रक्कम हाती आली तर त्यातून विहीर, ठिबक, डाळिंबाची बाग उभी राहील. एखाद्याची राहीलही. पण बोअर कोरडं जातं, बागेवर तेल्या येतो, आणि एकदा रानात घातलेली रक्कम पुन्हा उभी राहत नाही. पंधरा-सतरा वर्षं सेवा करून परतलेल्याची पेन्शन दर महिन्याला येत होती. १९७२सारखं दुष्काळाचं साल आलं तरी ती थांबत नव्हती. विमा, कर्जमाफी, अनुदान यांतल्या कशालाही तिच्याइतकं नियमित होणं जमलेलं नाही. लष्करातल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३मध्ये सुरू झालं. त्यांतले परतणारे घरी येतील, तेव्हा सोलापूरच्या रानात हुरड्याचे दिवस असतील.